मूळ पद आणि निरूपण

चैत्र शुद्ध नवमीस माध्यान्ही रामजन्माचे कीर्तन करावे, हा आमचा चाळीस वर्षांचा नेम. गतवर्षी तो नेरूळच्या एका मंदिरात पार पडला. उभे राहण्यापूर्वी एका कार्यकर्त्याने हात जोडून सुचविले, "बुवा, पूर्वरंग थोडा आवरता घ्यावा, पाळणा झाला की गीतरामायण लावायचे आहे." आम्ही मान डोलावली खरी, परंतु मनास लागले. ध्वनिमुद्रिकाच सारे सांगू लागली, तर कीर्तनकाराने काय करावे?

सायंकाळी यजमानांकडे फराळास बसलो. त्यांचा नातू पियानो शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, हे ऐका. तिकडे दर नाताळात हेच लावतात." विन्स ग्वाराल्डी या अमेरिकन जॅझवादकाने १९६५ साली दूरचित्रवाणीवरील 'चार्ली ब्राउन' या व्यंगचित्रपटासाठी केलेले ते वादन. पियानो, बास आणि ड्रम, एवढीच वाद्ये! एक जुने जर्मन नाताळगीत प्रथम साधे, सरळ वाजले. मग लय डोलू लागली, त्याच चालीतून नवनव्या जागा निघाल्या, आणि अखेर वादक मूळ चालीवर परतला. आम्ही चमकलो. हा तर आमचा पूर्वरंग! आधी मूळ पद, मग निरूपण, पुन्हा मूळ पद. आणि साथीस पेटी-तबला.

गीतरामायणाची कथा वाचकांस ज्ञात आहेच. १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते. तरी ते शिळे का होत नाही? शब्द स्पष्ट, वाद्ये मोजकी, आणि सणासवे त्याचे येणे.

उत्तर वाल्मीकींनीही दिले आहे. बालकाण्डाच्या चौथ्या सर्गात कुशलवांचे गायन ऐकून ऋषी उद्गारतात, की फार पूर्वी घडून गेलेलेही डोळ्यांसमोर घडत असल्यासारखे दिसते. कथा सर्वांस ठाऊक असते. ती पुन्हा दिसावी, यासाठीच ऐकावयाचे.

आमचे शल्य तेथेच निमाले. ध्वनिमुद्रिका मूळ पद जपते. निरूपण मात्र प्रतिवर्षी नव्याने, समोरच्या श्रोत्यांसाठी करावे लागते. आज माध्यान्ही आम्ही पुन्हा नेरूळास उभे राहू. पाळण्यानंतर गीतरामायण अवश्य लागो. सुंठवडा हाती घेऊन आम्हीही श्रोत्यांत बसू.