चित्र पुढे, आवाज मागे : घरगुती व्हिडिओतील वेळेचा घोळ आणि त्यावरील उपाय

गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढण्याआधी माल मोबाईलवर पाहते. गुलमंडी असो की शहागंज, शालीचा, साडीचा, बिदरी कामाचा किंवा फर्निचरचा व्हिडिओ पाठविल्याशिवाय बाहेरगावचा सौदा पुढे सरकत नाही. व्हिडिओ काढणे सोपे झाले आहे. परंतु तो जोडताना, कापताना, त्यावर आवाज चढवताना जो घोळ होतो त्याने मालाची आणि मालकाची पत जाते, याकडे आपल्या व्यापारी बांधवांचे फारसे लक्ष नाही. (तसवीर आणि व्हिडिओ यांच्या जायज-नाजायजचा मसला उलेमांचा आहे, त्यात मी पडत नाही. जे हे काम करीतच आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे.)

माझाच तजुर्बा सांगतो. शारजातील एका जुन्या गिऱ्हाइकाने हिमरू शालींची मागणी केली आणि माल हातमागावरचाच आहे याची खात्री म्हणून माग चालू असतानाचा व्हिडिओ मागितला. मागणी रास्त होती, कारण आपल्या शहरात हिमरूच्या नावाने यंत्रमागाचा माल सर्रास विकला जातो. कारीगराच्या घरी जाऊन मी चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, घरी येऊन संगणकावर त्याला दुकानाचे नाव जोडले आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी जबाब आला, "भाईसाब, चित्र एका मागाचे आणि आवाज दुसऱ्या मागाचा वाटतो. माल खरोखर हातमागाचा आहे ना?"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. सुरुवातीला फणीचा ठोका आणि त्याचा आवाज बरोबर जुळत होता. शेवटी शेवटी मात्र फणी आपटून धोटा परत निघाला तरी ठोका एक सेकंद उशिरा ऐकू येई. असल माल असून मी लबाड ठरत होतो.

हा दोष का येतो हे समजून घेतले पाहिजे. व्हिडिओ म्हणजे हलणारे चित्र नव्हे. एकामागून एक झपाट्याने दाखविलेली ती स्थिर चित्रे असतात. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. आपल्याकडील दूरदर्शनच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत २९.९७, सिनेमात २४, आणि मोबाईलमध्ये बहुधा ३०. आवाजाचा हिशेब निराळा आहे. व्हिडिओच्या आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. म्हणजे फाईलमध्ये चित्र आणि आवाज हे दोन वेगळे धागे आहेत, ताणा आणि बाणा म्हणा, आणि दोघांची गती जुळली तरच वीण सरळ येते.

आता मोबाईलची खोड अशी की तो सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो खरे, पण अंधारात त्या कमी करतो, जेणेकरून प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळावा. कारीगराच्या खोलीत एक ट्यूबलाईट होती. माझ्या व्हिडिओची सरासरी २९.८७५ निघाली. चार मिनिटांच्या २४० सेकंदांत ७,२०० फ्रेम हव्या होत्या, तेथे ७,१७० होत्या. माझ्या सॉफ्टवेअरने मात्र सगळा व्हिडिओ सरळ ३० च्या हिशेबाने मांडला. ७,१७० भागिले ३० म्हणजे २३९ सेकंद. चित्र एक सेकंद आधी संपले. आवाज आपल्या जागी प्रामाणिक होता.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच सवाल स्वतःला विचारावा : फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच आहे, की वाढत जातो? कापडवाल्याला हे चटकन समजेल. ताग्याच्या सुरुवातीचा एक हात कोणी कापून नेला असेल तर पुढची प्रत्येक खूण एक हातानेच चुकेल. पण मीटरने मोजलेला तागा कोणी गजाने मोजू लागला, तर पहिल्या गजाला फरक जाणवणार नाही आणि शंभराव्या गजाला साडेआठ मीटरचा घोळ झालेला असेल. पहिला दोष सरकवून सुधारतो. दुसरा सरकवून कधीच सुधारत नाही. सुरुवात जुळवाल तर शेवट बिघडेल, शेवट जुळवाल तर सुरुवात. मी स्वतः दोन रात्री याच खटपटीत घालवल्या.

तपासण्यासाठी व्हिडिओच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी जागा शोधावी जेथे आवाज आणि हालचाल एकाच क्षणी होते. मागाचा ठोका, हातोड्याचा घाव, कात्रीची कट, टाळी. बोलणारा माणूस असेल तर ब, प, म ही अक्षरे पाहावीत, कारण तेथे ओठ मिटतातच. यापुढे काम सुरू करताना आणि संपवताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ठेवावी, सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना 'जे' आणि 'के' ही बटणे दाबली की आवाज एका वेळी ५० मिलिसेकंद मागेपुढे सरकतो. त्याने फाईल बदलत नाही, पण फरक किती आहे ते मोजता येते.

फरक किती चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळतो, पण उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. हे निसर्गाला धरूनच आहे. नदीच्या पलीकडे धोबी कपडा आपटतो तेव्हा आधी दिसते, मग ऐकू येते, आपले कान त्याला सरावले आहेत. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. तेव्हा अगदी नेमके जमत नसेल तर आवाज एखादी फ्रेम मागे राहू द्यावा, पुढे जाऊ देऊ नये.

वाढत्या फरकावर खरा इलाज संपादनाच्या आधीच करायचा असतो. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडावी. 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' लिहिलेले दिसले की चोर सापडला. मग हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये, हेही फुकट आहे, ती फाईल घालून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडावे आणि ३० किंवा २५ ठरवून नवी फाईल काढावी. जेथे फ्रेम कमी आहेत तेथे ते आधीचीच फ्रेम पुन्हा भरून हिशेब पुरा करते. या नव्या फाईलवर काम करावे आणि संपादनाच्या प्रोजेक्टची गतीही तीच ठेवावी. असल फाईल पुसू नये. माझा चार मिनिटांचा व्हिडिओ एवढ्यानेच सरळ झाला. गिऱ्हाइकाने तो पाहिला, आधी बारा शाली मागवल्या, मग पुढचा सौदा झाला.

आवाजाच्या बाजूने दोष क्वचितच असतो. वेगळ्या रेकॉर्डरवर ४४,१०० ने नोंदलेला आवाज ४८,००० समजून वाजवला की तो चिरका आणि घाईचा होतो. उलट झाले तर जड आणि संथ होतो, एक मिनिटाचे पासष्ट सेकंद होतात. आवाजाचा सूरच बदललेला वाटला तर येथे पाहावे, एरव्ही नाही.

कित्येकदा फाईल निर्दोष असते आणि आपण उगाच तिला कापत बसतो. ब्ल्यूटूथच्या स्पीकरवर आवाज मुळातच उशिरा पोचतो, तेव्हा संपादन करताना तारेचा इअरफोनच वापरावा. दुसरे म्हणजे जुन्या संगणकावर चित्र अडखळत चालणे. नवे मोबाईल जागा वाचविण्यासाठी एचईव्हीसी प्रकारात व्हिडिओ दाबून भरतात, तो उलगडताना जुना संगणक दमतो आणि फ्रेम गाळतो. ही गळती फक्त पडद्यावर असते, फाईलमध्ये नाही. तेथे पूर्वदृश्याचा दर्जा कमी करावा, सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास प्रॉक्सी म्हणजे हलकी नक्कल करून तिच्यावर काम करावे, आणि निकाल देण्यापूर्वी वीस सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करून दुसऱ्या मोबाईलवर पाहावा. अडखळ तेथे नसेल तर व्हिडिओला दोष देऊ नये. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय इफिशिअन्सी' बंद केले तर पुढच्या वेळी ही कटकटच राहत नाही.

व्हिडिओ एका जागेपर्यंत ठीक आणि तेथून पुढे एकदम चुकलेला, असा तिसरा प्रकार मोबाईलवरच्या ॲपमध्ये फार आढळतो. सगळे जुळवून झाल्यावर आपण मध्येच दुकानाची पाटी घालतो. चित्रे पुढे सरकतात आणि वेगळ्या पट्टीवर ठेवलेला आवाज जागीच राहतो. म्हणून पाटी आधी, आवाज नंतर.

ट्यूबलाईटचेही येथेच सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्याशी त्याचा मेळ बसला नाही की कापडावर काळसर पट्टे फिरतात आणि गिऱ्हाइकाला तो मालातला ऐब वाटतो. कॅमेऱ्यात २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावे, नाहीतर सरळ खिडकीच्या उजेडात काम करावे. रंग मात्र सॉफ्टवेअरने उजळवू नये. मालाचा ऐब झाकणे आणि नसलेली चमक दाखवणे यांत फरक नाही.

हा दोन धाग्यांचा घोळ टेपच्या काळात नव्हता. आपल्या मालेगावचे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता, व्हीसीआरवर टेपचे तुकडे जोडून ते संपादन शिकले. ज्यांचा दिवस यंत्रमागावर जात असे अशी माणसे त्यांच्या सिनेमांत काम करीत. फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट त्यांच्यावर केला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. एका व्हीसीआरवर टेप चालवायची, दुसऱ्यावर नेमक्या क्षणी रेकॉर्डचे बटण सोडायचे, अशी ती पद्धत. जोड चार-दोन फ्रेमने चुके आणि प्रत्येक नकलेगणिक चित्र पुसट होई, पण चित्र आणि आवाज एकाच फितीवर बांधलेले असल्याने ते एकमेकांपासून दूर जात नसत.

ते सुटतात फीत संगणकात उतरवताना. १९९३ सालच्या आमच्या घरच्या एका निकाहची व्हीएचएस कॅसेट मी एका दुकानातून उतरवून घेतली. मर्हूम वालिदसाहेबांचा आवाज असलेली ती एकच चीज आमच्याकडे आहे. "कबूल है" पर्यंत सारे ठीक होते. मग फीत चुरगळलेल्या एका जागी चित्र हलले, आणि तेथून पुढे घोळ वाढत गेला. शेवटी वालिदसाहेबांची दुआ संपून हात चेहऱ्यावरून फिरले तरी त्यांचा आवाज दुआ मागतोच आहे. घरात कोणी ती सीडी पुन्हा लावली नाही.

कारण तेच. फितीच्या खराब जागी संगणकाला फ्रेम सापडल्या नाहीत, त्याने त्या गाळल्या आणि चित्र आखूड झाले. आवाज फितीच्या कडेच्या पट्टीवर असतो, तो शाबूत राहिला. मी कॅसेट परत आणली, व्हीसीआरचे हेड साफ करून घेतले आणि सगळी एका दमात न उतरवता वीस-वीस मिनिटांचे तुकडे केले. म्हणजे एका ठिकाणची चूक पुढे वाहत जात नाही. चुरगळलेल्या जागी चित्र कापले, गेलेल्या तीन सेकंदांपुरता पडदा काळा ठेवला आणि पुढचा तुकडा आवाजाशी नव्याने जुळवला. चित्र ताणून ती जागा भरता आली असती, पण मग दोष पुन्हा पुढच्या सगळ्या भागावर पसरला असता. जुळवणी "आमीन"च्या म वर केली. तिसऱ्या खेपेला हात आणि आवाज एकत्र आले. त्या दिवशी अम्मीने ती दुआ चार वेळा ऐकली.

ज्यांच्या कपाटात अशा कॅसेट असतील त्यांनी आता थांबू नये. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. जी यंत्रे आहेत तीच आहेत. कॅसेट ओल नसलेल्या जागी पुस्तकासारखी उभी ठेवावी. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नये, यंत्राचे हेड खराब होऊन पुढची कॅसेटही बिघडते, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. उतरवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे फिरवावी. दुकानदाराला तुकड्यांत उतरवायला सांगावे, संपादन न केलेली फाईल मागून घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याचा शेवटचा एक मिनिट तेथेच बसून पाहावा.