डॉक्टर, येताना कोथिंबीर आणाल?

डॉक्टरकीच्या तीस वर्षांत लोकांनी मला अपरात्री उठवले, लग्नाच्या पंगतीत भरल्या ताटावरून उठवले, आगगाडीच्या डब्यात जिभा दाखवल्या. पण कोथिंबिरीची जुडी आणायला मात्र कुणी सांगितले नव्हते. तो मान मला २०२० साली मिळाला.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडला तो गुढीपाडवा! आमच्या सदाशिव पेठेत गुढ्या उभ्या राहिल्या खऱ्या, पण श्रीखंडाची वाटी काही शेजारच्या घरात जाईना. आमच्या जुन्या इमारतीत बिऱ्हाडे बारा, आणि रोज बाहेर पडण्याची मुभा असलेला इसम एकटा मी. मग काय विचारता! दवाखान्याला निघालो की दर मजल्यावरून यादी येई. कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाला शेंगदाणे, कुणाला नातवासाठी बिस्किटे. एकदा चौकातल्या पोलिसाने स्कूटरची डिकी उघडायला लावली. आत स्टेथास्कोपवर अंबाडीची जुडी पसरलेली! "डॉक्टरसाहेब, तुमची पेशंट म्हणायची ती हीच का?" त्याने विचारले.

मान होता, तसा धाकही होता. २२ मार्चला गॅलरीत उभे राहून आम्हां डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवणाऱ्या याच इमारतीत महिन्याभरात जिन्यापाशी एक पाटी लागली: "डॉक्टरांनी कृपया कठड्यास हात लावू नये." पुणेच ते! आमच्या सौ.ने तिच्याखाली लिहिले, "यादी देणारांनीही लावू नये." दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी नाहीशा झाल्या.

मी कुणावर रागावलो नाही. भीती मलाही होतीच. घरी आलो की कपडे थेट साबणाच्या पाण्यात, मग अंघोळ, मग चहा; आणि रात्री बाहेरच्या खोलीत एकट्याचे अंथरूण. सौ. ताट उंबऱ्यावर ठेवून चार पावले मागे सरे. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाल्यावर आमच्यात असे अंतर पडलेले पाहून आम्हांला हसू येई. कधी कधी येत नसे.

दवाखान्यात तर माझे हातच गेल्यासारखे झाले होते. आम्हां जुन्या डॉक्टरांचा अर्धा धंदा नाडीवरच्या तीन बोटांवर आणि पाठीवरच्या थापेवर चालतो. आता तपासायचे ते लांबून, नाहीतर टेलिफोनवर. "आ करा पाहू," म्हटले की आजोबा पडद्यावर छताचा पंखा दाखवीत.

आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, एक काकू राहतात. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. यजमान पूर्वीच गेलेले, मुलगा न्यू जर्सीला. काकू गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडीत. तीत पैसे आणि यादी. यादीवर वार घालण्याची त्यांची शिस्त. शेवटचा जिन्नस ठरलेला, "कोथिंबीर, जुडी एक." वर आणखी गॅलरीतून चौकशी, "डॉक्टर, आज पेशंट किती? जेवलात का?" दिवसभर मास्क लावून जीव घुसमटलेला, मी "हो, हो" करून सटकत असे. याच पुण्याजवळ १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घालून दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने त्या गेल्या. त्या गावचा मी, आणि कुरकुरत होतो कशावरून, तर एका जुडीवरून!

त्या वर्षी आषाढीला पालख्या पायी न जाता एसटीने पंढरपूरला गेल्या. पाठोपाठ जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली. त्या दिवसांतल्या एका सकाळी काकूंची पिशवी खाली आली. घाईत मी यादी न वाचताच खिशात कोंबली. ती वाचली दुपारी दोन वाजता. साखर अर्धा किलो, काडेपेट्या दोन, कोथिंबीर. हे सगळे तर मी कालच आणून दिले होते! वारही कालचाच. आणि अक्षर उताराला लागलेले.

सामान तसेच टाकून मी घर गाठले आणि तीन जिने चढलो. कठड्याला धरूनच चढलो. काकूंनी दार उघडले. "काही नाही हो, जरा थकवा आहे," म्हणाल्या. धाप नाही, तक्रार नाही. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. निरोगी माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या पुढे असतो, इथे एक्क्याऐंशी.

या रोगाची हीच दगाबाजी होती. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणजे. इथे तो बाहेर पडत राहतो, प्राणवायू मात्र कमी होत जातो. माणूस हसत बोलतो आणि आतून बुडत असतो. हे ओळखणाऱ्या त्या चिमट्याएवढ्या यंत्रामागचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास मांडले. ते स्वतः १८ एप्रिल २०२० रोजी, ऐन साथीत, वारले. त्यांना मनोमन नमस्कार करून मी खाट शोधू लागलो. अकरा टेलिफोनांनंतर एक मिळाली.

रुग्णवाहिकेची वाट पाहताना नजर गॅलरीत गेली. कुंडीत कोथिंबीर हिरवीगार वाढली होती. भाजी करून उरेल इतकी!

काकू सतरा दिवसांनी घरी परतल्या. सकाळीच यादी वाचली असती तर चार-पाच तास वाचले असते, हे मी त्यांना सांगितले. न सांगता मला झोप आली नसती. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "उशिरा का होईना, वाचलीत ना?" मीही मग कुंडीचा विषय काढला. त्या हसल्या. "अहो, रोज उठून मागायचे तरी काय? काही मागितल्याशिवाय तुम्ही थांबणार थोडेच!"

त्या वर्षीच्या दिवाळीत फराळाची ताटे दारोदार फिरली नाहीत, पण दोरीची पिशवी खाली आली. आत चार चकल्या आणि कोथिंबिरीची एक जुडी. आता टाळेबंदी राहिली नाही, काकू स्वतः मंडईत जातात. तरीही दवाखान्याला निघताना मी गॅलरीखाली थांबतो आणि वर पाहून विचारतो, "काकू, काही आणायचे आहे का?"