दार अरुंद असलेला समुद्र

जिथे भरती-ओहोटी जवळजवळ कळतच नाही असा समुद्र ऐकलाय का? युरोपच्या उत्तरेला बाल्टिक आहे, स्वीडन-फिनलंडपासून पोलंड-जर्मनीपर्यंत नऊ देशांनी वेढलेला. बाहेरच्या समुद्राकडे जायला दार एकच, डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्या.

नद्यांचं गोडं पाणी भरपूर, म्हणून पाणी खाडीसारखं मचूळ. महासागरात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, इथे मधल्या भागात वरच्या पाण्यात सातेक ग्रॅम. उत्तर टोकाला दोन-तीनच, आणि हिवाळ्यात तिथे बर्फ. दहाएक हजार वर्षांपूर्वी तर हे गोड्या पाण्याचं तळंच होतं. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन तिकडे अजून वर येतेय, शंभर वर्षांत अडीच-तीन फूट. म्हणजे पणजोबांचा धक्का आज कोरडा!

मध्ययुगात ल्यूबेकचे व्यापारी इथल्या खारवलेल्या हेरिंगवर श्रीमंत झाले. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातली. पण खरी गोष्ट आहे कॉड माशाची.

कॉडची अंडी पाण्यात तरंगत राहायला लिटरमागे अकराएक ग्रॅम मीठ लागतं. पूर्व बाल्टिकमध्ये एवढं खारं पाणी फक्त खोल थरात. ते जड, वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. त्यात शेतातलं खत नद्यांतून येतं, शेवाळ माजतं, मरून तळाला कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. वर मीठ कमी, खाली श्वास नाही. अंडी जगणार कुठे? पश्चिमेच्या मोठ्या वादळांनी दारातून ताजं खारं पाणी आत ढकललं तरच तळाला जीव येतो. २०१४ च्या डिसेंबरात असा मोठा लोट आला, पण त्याचा दिलासा फार टिकला नाही.

बोटींचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. १९८० च्या दशकात काही वर्षी साडेतीन लाख टनांच्या वर कॉड काढला गेला. तेव्हा हात आवरला असता तर आज थोडं बीज उरलं असतं. जुलै २०१९ मध्ये युरोपीय संघाने पूर्वेकडची कॉडची मासेमारी बंद केली. तेव्हापासून इतर माशांबरोबर चुकून आलेल्या कॉडलाच थोडी सूट. तरी साठा सावरलेला नाही, जो मिळतो तो लहान आणि हडकुळा. ज्यांचं पोट कॉडवरच होतं, त्यांच्या बोटी भरपाई देऊन मोडीत काढायची परवानगी २०२० मध्ये संघाला द्यावी लागली.