गोकर्णाच्या निळाईचं रसायन

कुंपणावर चढलेल्या गोकर्णाची चार-पाच फुलं कपभर गरम पाण्यात टाकली, की बघता बघता पाणी गर्द निळं होतं. लिंबाचे थेंब पडले की ते जांभळं होतं, आणखी पिळलं की गुलाबीकडे झुकतं. खाण्याचा सोडा घातला तर हिरवट. थायलंडमध्ये याचं सरबत घरोघरी होतं; आपल्याकडे ते 'निळा चहा' म्हणून विकलं जातं. चहाची पत्ती त्यात नावालाही नसते.

ही निळाई 'टर्नाटिन' या रंगद्रव्यांची. ती अँथोसायनिन कुळातली, आणि त्यांचा गाभा डेल्फिनिडिनचा, म्हणजे वांग्याच्या सालीतल्या जांभळ्या रंगाचाच. फरक पडतो तो गाभ्याला जोडलेल्या लांब साखळ्यांमुळे. ग्लुकोज आणि कूमॅरिक आम्लाच्या या साखळ्या गाभ्यावर दुमडून बसतात, पाण्याला आत शिरू देत नाहीत. त्यामुळे साध्या पाण्यात इतर बहुतेक अँथोसायनिन फिकी पडत असताना गोकर्णाचा रंग टिकतो. खाण्याजोगा नैसर्गिक निळा रंग फार दुर्मीळ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली.

मग या चहाच्या अँटिऑक्सिडंट गुणांचं काय? पेशींमध्ये तयार होणाऱ्या मुक्त कणांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या रेणूकडून ओढून घेतात. टर्नाटिन आणि फुलातली क्वेर्सेटिन, केम्फेरॉलसारखी फ्लॅव्होनॉइड्स स्वतःकडचा हायड्रोजन देऊन त्यांना शांत करतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं: डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्क घातला की ते पिवळं पडतं. पांढऱ्या गोकर्णात टर्नाटिन नसतात, तरी फ्लॅव्होनॉइड्स असतात.

परीक्षानळीत जे घडतं ते शरीरात तसंच घडेल, असं मात्र नाही. अँथोसायनिन आतड्यातून रक्तात फार थोडी उतरतात. थायलंडमध्ये १५ निरोगी पुरुषांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साखरेच्या पाण्यासोबत हा अर्क दिल्यावर रक्तातली साखर कमी चढली आणि रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली. निष्कर्ष आशादायक आहे, पण माणसं मोजकी, तीही निरोगी, आणि परिणाम तपासला तो काही तासांपुरता. एवढ्यावर पाकिटांवर मधुमेहाचे दावे छापणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

फवारणी न केलेल्या वेलीची फुलं धुऊन त्यांचा चहा खुशाल प्या. बिया मात्र टाळा, त्या जुलाब करतात. आणि मधुमेहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.