कुडो, काटा आणि तेंदूचा पुडा

गोंदियात मीटर रेल्वेच्या रुळांवरून आला, असे म्हणायला हरकत नाही. लॉर्ड मेयोंच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास, देशात दशमान मापे आणायचे घाटत होते. त्याच हिशेबाने धाकट्या लोहमार्गांची रुंदी एक मीटर ठरली. मापांचा कायदा कागदावरच राहिला, रूळ मात्र पडले! १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे या मीटरगेजवरून धावू लागली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तोच मार्ग १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे साडेपाच फुटांचा केला. गोंदिया-जबलपूरची छोटी गाडी आली ती अडीच फुटी रुळांवर. मीटर आला तसा गेला.

शेतात त्याची गरजही नव्हती. धान मोजायचे ते कुडोने. वीस कुडो झाले की खंडी. हे आकारमानाचे माप. पायली तर मुलखामुलखाला निराळी. गावात ते खपून जाई, कारण देणारा-घेणारा एकाच मापाचे. माल गाडीत चढला की भांडण सुरू.

१९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम आणला आणि आकडेच नव्हे, मोजायची गोष्टच बदलली. ढिगाऐवजी वजन आले, आणि वजनात पाणीही येते. आधारभूत खरेदी केंद्रावर म्हणूनच काट्याइतकाच मान ओलावामापकाला. मूठभर दाणे यंत्रात टाकतात, आकडा उमटतो. मर्यादा १७ टक्के. २० टक्के ओलाव्याचा क्विंटलभर धान १७ वर आणला, तर उरतो सुमारे ९६.४ किलो. साडेतीन किलोंहून जास्त पाणी खळ्यावरच उडते. शेतकरी यंत्राकडे संशयाने बघतो, त्यात नवल नाही. वजनाच्या काट्यावर वैध मापन निरीक्षकाची मोहर असते, हे त्याला ठाऊक असते. ओलाव्याच्या आकड्यामागे कोण उभे आहे, हे कुणी सांगत नाही.

काट्यामागची साखळी मात्र लांब आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम आहे, पॅरिसजवळच्या मूळ ठोकळ्याची प्रत. २० मे २०१९ पासून तो मूळ ठोकळाही निवृत्त झाला. किलोग्रॅम आता प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. गोंदियाच्या गिरणीतल्या काट्याला त्याने काडीचा फरक पडला नाही, आणि पडू नये अशीच ती योजना होती.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर. त्यावर जास्त लिहायला नको. तेंदूपत्त्याचे मात्र सांगायलाच हवे. पाने उन्हात वाळत टाकायची, त्यामुळे वजन रोज घटणार. शिवाय विडी वळायची ती पानागणिक. तेव्हा तेंदू तोलत नाहीत, मोजतात. महाराष्ट्रात ७० पानांचा पुडा, आणि असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी: ७०,००० पाने. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये पुडा ५० पानांचा, म्हणजे गोणी ५०,००० ची. एकाच जंगलपट्ट्यातले दोन दर गोणीमागे ताडून पाहणाऱ्याने आधी पलीकडच्या दराला सातने गुणून पाचने भागावे.