धावत्या समालोचनातील लक्षणा

'धावते समालोचन' हा शब्दप्रयोगच मुळात लाक्षणिक आहे. समालोचन धावत नाही. धावतात ते फलंदाज. साहित्यशास्त्राच्या तासाला आपण लक्षणेचे दोन प्रकार शिकतो: एक रूढीने आलेली, दुसरी काही प्रयोजनाने योजलेली. या दोहोंची उदाहरणे हवी असतील तर पाठ्यपुस्तक मिटून क्रिकेटचे मराठी समालोचन ऐकावे.

रूढ लक्षणा तर पावलोपावली भेटते. गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा डागणारा. तो तोफखान्यातून मैदानात आला आणि त्याच्याच वळणावर 'फलंदाज' घडला. पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत यांतला 'चीत' कुस्तीच्या आखाड्यातला. पाठ मातीला लागली की मल्ल चीत. येथे मात्र चीत झालेला गडी दोन पायांवर चालत तंबूत परततो! (आणि तंबू तरी आता कोठे असतो?) इंग्रजांना शून्यात बदकाचे अंडे दिसले, आपल्याला भोपळा, म्हणून पहिली धाव काढणारा 'भोपळा फोडतो'. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून ही परिभाषा घरोघर नेली. आज तिच्यात कुणाला तोफ ऐकू येत नाही की आखाड्याची माती दिसत नाही.

प्रयोजनवती लक्षणेचे काम निराळे. रेडिओच्या श्रोत्याला मैदान दिसत नाही. 'चौकार' म्हटल्याने धावा कळतात, फटका कळत नाही. चेंडू 'गवत कापीत गेला' म्हणताच त्याची उंची आणि वेग दोन्ही कळतात. 'नांगर टाकला आहे' या तीन शब्दांत फलंदाजाचा तासाभराचा खेळ मावतो. अर्थात हे सुचायला उसंत हवी. द्रुतगती गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्यात उपमा कोठली? म्हणून जाणता समालोचक चेंडू खेळात असता साधी क्रियापदेच वापरतो: आला, टोलावला, अडवला. गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी मागे चालू लागला, की मग प्रतिमेला जागा मिळते.

गफलत होते ती येथेच. एकदा टाळी मिळालेली उपमा समालोचकाच्या जिभेवर बसते. प्रत्येक चौकार 'बंदुकीच्या गोळीसारखा' जाऊ लागला, तर क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटून रडतखडत सीमारेषेला टेकलेला चेंडू श्रोत्याला कळावा कसा? दूरदर्शनवर हे खपून जाते, कारण प्रेक्षक स्वतः पाहत असतो. रेडिओच्या श्रोत्यापाशी मात्र समालोचकाच्या शब्दांखेरीज दुसरा पुरावाच नसतो.