निर्भय साक्ष

यरुशलेमात प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राने एका दासीच्या साध्या प्रश्नाला भिऊन आपल्या गुरूची ओळख नाकारली. आणि ती एकदा नव्हे, तीनदा. पुढे तोच पेत्र त्याच नगरातील धर्मसभेपुढे उभा राहिला आणि माणसांच्या आज्ञेहून ईश्वराची आज्ञा श्रेष्ठ होय, असे त्याने सांगितले. ख्रिस्ती परंपरेने ही दोन्ही दृश्ये जपून ठेविली आहेत. कारण सत्य बोलण्याचे धैर्य भित्र्या माणसालाही लाभू शकते, हे त्यांतून कळते. असत्याचे मूळ पुष्कळदा दुष्टपणात नसून भयात असते. ज्यांच्या आधारावर आपण जगतो, ते दुरावतील हे ते भय. श्रद्धा या भयाला कसे उत्तर देते, हे महाराष्ट्राला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात पाहावयास मिळते.

स्पष्टवक्तेपणा रमाबाईंच्या ठायी मूळचाच होता. १८५८ साली जन्मलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने दुष्काळात आईवडील गमावले. विवाहानंतर दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच वैधव्य पाहिले. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू निःसंकोचपणे मांडली. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. स्वसमाजातील अनेक स्नेही त्यामुळे दुरावले.

आता परक्या देशात आश्रय उरला तो नव्या धर्मबंधूंचा. अशा वेळी मौन सोयीचे होते. परंतु त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटेना, तेव्हा रमाबाईंनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींना ते मोकळेपणाने लिहिले. क्रूसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नसावेत, असेही त्यांनी विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तीही त्यांना मान्य झाली नाही. एका पुरोहितवर्गाच्या बंधनातून सुटलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देण्यास त्या तयार नव्हत्या. ख्रिस्तावरील श्रद्धा आणि ख्रिस्ती अधिकाऱ्यांची आज्ञा या दोहोंतील भेद त्यांनी ओळखला होता.

१८८९ साली मुंबईत स्थापिलेले शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्यास आले. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले. धर्मनिरपेक्ष शिक्षणाच्या भरवशावर मुली पाठविणाऱ्या पालकांची चिंता अकारण नव्हती. तथापि आपली प्रार्थना दाराआड लपवून तो पाठिंबा टिकविणे रमाबाईंना खोटेपणाचे वाटले.

१८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची होणारी हेळसांड रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहून उघडकीस आणली. सरकारने त्यांचे म्हणणे अमान्य केले. राज्यकर्ते त्यांचेच स्वधर्मीय होते. पण स्वधर्मीय म्हणून त्यांना सूट द्यावी, असे रमाबाईंना वाटले नाही.

मात्र सर्वांत अवघड सत्य स्वतःविषयीचे असते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी कबूल केले, की दीक्षेच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. तो लाभण्यास पुढे अनेक वर्षे जावी लागली. ज्या धर्मांतरासाठी एवढी निंदा सोसली, तेच त्या वेळी अपुरे होते, असे जगापुढे सांगणे सोपे नव्हते. विरोधकांच्या हाती आयतेच शस्त्र देणारा हा कबुलीजबाब होता.

समाज, धर्मसंस्था, हितचिंतक आणि सरकार या प्रत्येकाची कधी ना कधी रमाबाईंना गरज होती आणि प्रत्येकाची नाराजी त्यांनी पत्करली. आपला अखेरचा आधार यांपैकी कोणीच नाही, ही त्यांची श्रद्धा होती. श्रद्धेने भय नाहीसे होतेच असे नाही. पण भयाची जागा बदलते. माणसे दुरावतील या भयाहून असत्याने ईश्वर दुरावेल, हे भय मोठे ठरते. १९२२ साली केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंचे देहावसान झाले, तोवर त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले होते. ज्या वचनांनी धैर्य दिले, ती साध्या खेडवळ स्त्रीलाही कळावीत, एवढाच त्यामागील हेतू होता.